कान निरोगी, तरी ठणका थांबत नाही

प्रश्न : माझे वय 51 वर्षे असून मी घरी शिवणकाम करते. गेल्या आठ महिन्यांपासून माझा उजवा कान सतत दुखतो. कधी आत खोलवर ठणका लागतो, कधी कानाला दडा बसल्यासारखे होते, तर कधी कानशिलापासून गळ्यापर्यंत कळ जाते. सकाळी उठल्यावर आणि जेवताना, विशेषतः भाकरी चावताना, त्रास वाढतो. या काळात तीन डॉक्टर झाले. जंतुसंसर्गावरच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले, दोन-तीन प्रकारचे थेंब झाले, कान धुऊन झाला. श्रवणचाचणी व्यवस्थित आली. शेवटच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून ‘कानात काहीच नाही’ असे सांगितले. सासूबाईंच्या आग्रहामुळे लसूण घालून कोमट केलेले तेलही सोडून पाहिले, पण आग मात्र झाली. आता घरच्यांना हे सारे मनाचे खेळ वाटू लागले आहेत. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा दोन वर्षांपूर्वी काढल्या आहेत. मला मधुमेह नाही. सकाळी मशेरी लावण्याची सवय मात्र लग्नाआधीपासून आहे. या दुखण्यातून सुटका आहे का? – एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : आपले दुखणे खरे आहे. ‘कानात काहीच नाही’ हे वाक्यही बहुधा खरेच असावे, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची चूक होते ती येथेच. कान निरोगी दिसला की तपास संपला असे आम्ही मानतो आणि रुग्णाने आग्रह धरला तर थेंबांची आणखी एक बाटली लिहून देतो. खरे तर निरोगी कान हा तपासाचा शेवट नसून तेथून दुसऱ्या जागा शोधायला सुरुवात करायची असते.

कानाला संवेदना पुरवणाऱ्या नसा एका ठिकाणाहून येत नाहीत. मेंदूतून निघणाऱ्या चार नसांच्या आणि मानेतील दुसऱ्या व तिसऱ्या मज्जातंतूंच्या शाखा कानापर्यंत पोचतात. यांपैकी एक नस खालचा जबडा, दाढा आणि जिभेचा पुढचा भाग सांभाळते, दुसरी टॉन्सिल आणि जिभेचे मूळ सांभाळते, तर तिसरी थेट स्वरयंत्रापर्यंत जाते. त्यामुळे यांपैकी कोठेही बिघाड झाला, तरी मेंदूला हाक कानाकडून आल्यासारखी वाटते. टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेली मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घशापेक्षा कानाचीच तक्रार करतात, हे अनेक आयांनी पाहिले असेल. कान कोरताना अचानक खोकल्याची उबळ येते, तीही याच नात्यामुळे. कानाच्या नळीत पोचलेली ती नस आणि स्वरयंत्राची नस मुळात एकच आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. तरीही आपल्या पत्रातील तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, त्यांपैकी मशेरीबद्दल आधी लिहितो, कारण तिथे वेळ दवडून चालणार नाही. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. दात घासण्यासाठी वापरली म्हणून तिचा गुण बदलत नाही. अनेक वर्षे तंबाखूचा संपर्क असलेल्या व्यक्तीचा एकाच बाजूचा कान सतत दुखत असेल आणि तपासणीत कान निरोगी दिसत असेल, तर तोंड, जिभेचे मूळ, टॉन्सिल आणि स्वरयंत्राच्या आजूबाजूचा भाग पाहिल्याखेरीज तिला घरी पाठवू नये, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. या भागांतला कर्करोग घशात काही खुपण्याच्या आधी कधीकधी कानातल्या दुखण्याने खुणावतो. आपल्याला तोच आजार आहे असे मी म्हणत नाही, तशी शक्यता कमी आहे, परंतु ती तपासून बाजूला काढणे आवश्यक आहे. नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, लवचीक दुर्बिणीने घसा पाहता येतो. त्याला काही मिनिटेच लागतात आणि भूल द्यावी लागत नाही. डॉक्टरांना हातमोजा घालून जिभेचे मूळ बोटाने चाचपायला आणि मानेत गाठ आहे का ते पाहायला आवर्जून सांगा. गिळताना अडणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, न भरणारे तोंडातले छाले, थुंकीतून रक्त, घटणारे वजन यांपैकी काहीही असेल तर ही तपासणी याच आठवड्यात करून घ्या. मशेरी तर आजच बंद करा.

हे सारे निर्दोष निघाले, तर माझा संशय जबड्याच्या सांध्यावर आहे. दोन्ही करंगळ्या कानांच्या भोकांत हलकेच ठेवा, त्यांचे मऊ टोक पुढच्या बाजूला टेकवा आणि तोंड सावकाश उघडझाप करा. बोटाखाली जे हाड सरकताना जाणवते, तेच जबड्याच्या सांध्याचे टोक होय. कानाची नळी आणि हा सांधा यांच्यामध्ये अगदी पातळशी भिंत असते. उजवीकडे तेथे दाबल्यावर आपला ओळखीचा ठणका उठला, किंवा सांधा कटकट वाजला, किंवा आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात मावली नाहीत, तर संशयाला बळ मिळते. डाव्या बाजूच्या दाढा काढल्यापासून आपण सगळे उजवीकडेच चावत असाल. दिवसभर मशीनवर मान पुढे झुकलेली राहते. आणि शिवणकाम करणाऱ्या बहुतेक जणींप्रमाणे आपणही दोरा दाताने तोडत असाल, टाचण्या ओठांत धरत असाल, असा माझा अंदाज आहे. सकाळी उठल्यावर दुखणे अधिक असते, त्यावरून झोपेत दात खाण्याची सवयही असावी. लहान मुलाने झोपेत दात खाल्ले की आपल्याकडे जंतांना दोष देतात. मोठ्यांच्या बाबतीत मात्र ताण आणि अपुरी झोप यांच्याकडे पाहावे लागते.

यावरचे उपाय साधे आहेत, पण ते रोज आणि निदान सहा आठवडे करावे लागतात. ओठ मिटलेले, दात सुटलेले आणि जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेले, अशी जबड्याची विश्रांतीची स्थिती असते. चावणे आणि गिळणे सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत. मशीनच्या डोक्यावर लाल दोऱ्याची एक गाठ बांधून ठेवा, आणि ती नजरेस पडली की दात आवळले आहेत का ते पाहून जबडा सैल सोडा. दोऱ्यासाठी कात्री गळ्यातच अडकवून ठेवा. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खा. ऊस, भाजलेले कणीस, चिवट मटण सध्या नको. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे गालावर आणि कानाच्या पुढे ओल्या, सोसेल इतक्या गरम टॉवेलचा शेक घ्या. दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठा आणि खुर्चीची उंची अशी ठेवा की मान वाकवून टाका पाहावा लागणार नाही.

दंतवैद्यांकडून सर्व दाढांचा एकत्रित एक्स-रे काढून घ्या. आत अडकलेली अक्कलदाढ किंवा मुळाशी पू झालेली दाढही हुबेहूब असेच दुखणे देते. मात्र एक्स-रेत काही दिसत नसताना ‘काढून तर पाहू’ म्हणून चांगली दाढ काढू देऊ नका. डावीकडे दात बसवून घेतल्यास उजव्या सांध्यावरचा भार हलका होईल, आणि दात खाण्याची सवय आढळली तर रात्री घालायचा नाइट गार्ड मापाने करून मिळतो. मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्टचाही चांगला उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्या आठ-दहा दिवस जेवणानंतर घेता येतात, पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्त यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. कानातले सर्व थेंब थांबवा. संसर्ग नसताना जंतुनाशक थेंब महिनोन्‌महिने टाकल्याने नळीत बुरशी वाढते आणि मग खरोखरीच कानाचे दुखणे मागे लागते. लसणाच्या तेलाने आग झाली, कारण लसणाचा रस त्वचा पोळतो. तो कानाच्या नळीत सोडण्याचा पदार्थ नव्हे.

दुखणे आठ महिने मुक्काम करते, तेव्हा नसांनाच दुखण्याची सवय जडते, आणि मूळ कारण ओसरले तरी त्या लहानशा स्पर्शालाही ठणक्याने उत्तर देतात. अशा वेळी डॉक्टर रात्री अॅमिट्रिप्टिलीनसारखे औषध अगदी कमी मात्रेत देतात. औषधाच्या माहितीपत्रकावर ‘नैराश्य’ हा शब्द वाचून घरच्यांचे म्हणणे खरे ठरले असे समजू नका. या मात्रेत ते नसांना शांत करण्यासाठी देतात. याउलट, गिळताना किंवा बोलताना वीज चमकावी तशी काही सेकंदांचीच कळ घशातून कानात जात असेल, तर तो नसेचा वेगळा आजार असतो आणि त्याची औषधे वेगळी आहेत.

घशाची तपासणी न लांबवता, पंधरा दिवस एका वहीत दुखण्याची वेळ, त्या वेळचे काम, खाल्लेला पदार्थ आणि आदल्या रात्रीची झोप एवढेच टिपून ठेवा. चौथा डॉक्टर गाठण्यापेक्षा या तिघांपैकी ज्यांनी आपले नीट ऐकून घेतले, त्यांच्याकडेच ती वही आणि सगळे जुने कागद घेऊन परत जा. घरच्यांपैकी कोणाला तरी बरोबर न्या, म्हणजे ‘मनाचे खेळ’ या शंकेचे उत्तर त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून मिळेल.

प्रश्न : माझे वडील 69 वर्षांचे आहेत व त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. मळ काढण्यासाठी कान धुतल्यानंतर त्यांचा डावा कान दुखू लागला, त्याला आता दीड महिना झाला. रात्री ते दुखण्याने उठून बसतात. थेंब चालू आहेत, कानातून थोडे पाणी येते. आठवड्यापासून चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून तो सांडतो, असे आईने सांगितले. – एक वाचक, पुणे

उत्तर : आपले पत्र हाती आले त्याच दिवशी आम्ही आपल्याला दूरध्वनीवरून कळवले आहे. येथे हे लिहितो ते इतर वाचकांसाठी. वरच्या प्रश्नातील जबड्याच्या उपायांना सहा आठवडे धीर धरता येतो, येथे सहा दिवसही धरू नयेत. वयस्कर मधुमेही व्यक्तीच्या कानाच्या नळीतील साधा वाटणारा संसर्ग त्वचेतून कवटीच्या तळाच्या हाडात शिरू शकतो. दिसणाऱ्या बिघाडाच्या मानाने फार तीव्र आणि रात्री झोपू न देणारे दुखणे ही त्याची खूण असते. चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते, म्हणून ओठाच्या कोपऱ्यातून सांडणारा चहा हे गंभीर लक्षण आहे. याला थेंब पुरत नाहीत. रुग्णालयात दाखल होऊन कानातील स्रावाची जंतुतपासणी, हाडाचे स्कॅन आणि नळीत मांसल वाढ असल्यास तिचा तुकडा काढून तपासणी करावी लागते, कारण क्वचित कर्करोगही असाच दिसतो. नेमके जंतुनाशक औषध बहुधा सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ द्यावे लागते आणि साखर काटेकोर ताब्यात ठेवावी लागते. हाड भरून येण्याच्या आधीच दुखणे कमी होते आणि तेव्हाच बरेच रुग्ण औषध सोडतात. वडिलांना तसे करू देऊ नका. आणि घरात मधुमेही माणूस असेल, तर त्याच्या कानातला मळ नळाच्या पाण्याने धुऊन न काढता डॉक्टरांकडून कोरडाच काढून घ्या.