वाचकांचे प्रश्न : गाडीतली शेगडी

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय केलीय. ५ किलोचं सिलिंडर सीटखाली आहे. चोर्ला घाट उतरलो की गॅसचा वास येतो. (खानापूर)

उत्तर : सिलिंडर आधी तिथून हलवा. गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. नुसती खिडकी उघडून भागत नाही. आतून बंद, तळाला बाहेर उघडणारी जाळी असलेला कप्पा करून घ्या. सिलिंडर उभंच, पट्ट्यानं आवळलेलं हवं. आडवं पडलं तर रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव गॅस शिरतो.

वास बहुधा नळीच्या टोकाकडून येत असेल. हादऱ्यांनी क्लिप सैल होते. साबणाचा फेस लावा, बुडबुडे फुगले की गळती तिथंच. (काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत!) नळी ५ वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद.