आधी ब्रेक, मग बाकीचं

भाऊ, ट्रॅकवर पळवायला पोलो गाडी घेतलीस, मस्त केलंस. पण टर्बो अन् एक्झॉस्टचं खूळ सध्या डोक्यातून काढ. पहिला पैसा ब्रेकवर लाव.

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, चौथ्या लॅपला ब्रेकचं पॅडल स्पंजासारखं खाली गेलं. नशिबानं पुढं मोकळी माती होती. नंतर ऑइल काढलं, तर रंग टपरीवरच्या काळ्या चहासारखा! ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओल धरली की ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. मग लाइनीत वाफ होते, अन् वाफ दाबली जाते, ब्रेक नाही. म्हणून ताजं ऑइल आणि ट्रॅकचे पॅड. डिस्क सध्या कंपनीच्याच चालतील.

त्यानंतर टायर, बकेट सीट (अंग दोन्हीकडून धरून ठेवणारी), बेल्ट. मागची सीट, कार्पेट काढ. फुकटात वजन कमी होतं. एसी मात्र मे महिन्यातल्या नागपुरात काढायची घाई करू नको, बे!

रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला पाइपांचा सांगाडा, लावलास की ती गाडी वर्धा रोडवर फिरवायची नाही. हेल्मेट नसताना तोच पाइप डोकं फोडतो, शिवाय आरटीओचं लफडं वेगळं. कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकला न्यायची तर ट्रेलरवर ने. रेसमध्ये उतरायचं असेल तर एफएमएससीआय या मोटर रेसिंगच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागेल, आणि केज त्यांचे नियम वाचूनच वेल्डरला सांग.