जुन्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: कोटेशनमध्ये जे नाही ते आधी मोजा

प्रश्न थोडक्यात असा: १९६५ ची शेव्हर्ले शेव्हेल, २८३ घनइंची व्ही-८ इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल. डावा गुडघा आता क्लचला साथ देत नाही, म्हणून ४एल६०ई हा ओव्हरड्राइव्हवाला (हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा वरचा गिअर असलेला) ऑटोमॅटिक बसवायचा आहे. कोटेशन घरच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढं आलंय. हाताशी आठ महिन्यांचा आपत्कालीन निधी आहे. त्यातून पैसे काढावेत की १२ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घ्यावं? जुना गिअरबॉक्स विकून थोडे सुटतील, पेट्रोल वाचेल आणि गाडीची किंमतही वाढेल, असा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचा हिशेब आहे.

नमस्कार.

गुडघ्याचं कारण मला पूर्ण पटतं. बाकीची तीन कागदावरून खोडून टाका.

पेट्रोलचंच बघा. ३.५५ चं डिफरन्शियल (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ३.५५ फेऱ्या) आणि २६ इंची टायर धरले, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन आज साधारण २८५० फेऱ्यांवर असतं. ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये ते २००० वर येतं. फेऱ्या ३० टक्के उतरल्या म्हणून पेट्रोल ३० टक्के उतरत नाही, कारण हवेचा विरोध तेवढाच राहतो. शहरात तर टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या भागाची) घसर उलट थोडं जास्तच पिते. वर्षाला ३००० किलोमीटर, लिटरला ६ किलोमीटर आणि बचत उदार मनाने १५ टक्के धरली, तरी वर्षाला ७५ लिटर. कोटेशनची रक्कम लिटरमध्ये मोडून पाहा, म्हणजे वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते कळेल.

किंमतही वाढत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर मूळ गाडीशी जुळत असतील तर ती घसरते. त्यामुळे जुना बॉक्स अजिबात विकू नका. बेलहाउसिंग (बॉक्स इंजिनला जोडणारं कवच), फ्लायव्हील, क्लच पेडल, झेड-बार (पेडलचा जोर क्लचला पोचवणारा दांडा), शिफ्टर असं सगळं चिठ्ठ्या लावून ठेवा आणि टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) न कापता काम होईल का ते विचारा. गाडी पुन्हा मूळ रूपात नेता येते, हीच विकताना तुमची बाजू.

आता कोटेशन. त्यात बॉक्स, कन्व्हर्टर आणि मजुरी एवढंच आहे. ४एल६०ई मध्ये गिअर बदलणं विजेवर चालतं, म्हणजे वेगळा कंट्रोलर आणि वायरिंग आलं. इंजिनवर किती भार आहे हे कंट्रोलरला थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरवरून कळतं. तुमच्या कार्ब्युरेटरला तो नाही, तेव्हा सेन्सर आणि त्याचा ब्रॅकेट आला. त्याचं सेटिंग चुकलं तर गिअर भलत्याच वेळी पडतात आणि ऑइलचा दाब कमी राहिला तर बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा जळतात. याच बॉक्सचा आधीचा भाऊ ७००आर४ थ्रॉटलला जोडलेल्या केबलवर चालतो, कंट्रोलर लागत नाही, म्हणून स्वस्त पडतो. पण त्याची केबल चुकीची लावून थोडं अंतर जरी गाडी चालवली तरी बॉक्स खलास. नीट बसवणारा माणूस असेल तरच तो स्वस्त.

पुढे फ्लेक्सप्लेट, म्हणजे फ्लायव्हीलच्या जागी क्रँकला बसणारी आणि कन्व्हर्टर धरणारी पातळ चकती. १९८५ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकचा (शेव्हर्लेच्या या व्ही-८ घराण्याचा) आणि नंतरच्याचा बोल्ट पॅटर्न वेगळा असतो, तेव्हा जुन्या क्रँकला बसणारीच मागवा. क्रँकच्या टोकातलं मॅन्युअलचं पायलट बुश काढावं लागतं. नवा बॉक्स जास्त लांब आहे, त्यामुळे क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) मागे सरकतो, प्रोपेलर शाफ्ट सुमारे तीन इंच कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. ऑइल कूलर आणि नळ्या, फक्त पार्क-न्यूट्रलमध्येच स्टार्ट होऊ देणारा स्विच, रिव्हर्स लाइटची जोडणी, केबलवाला स्पीडोमीटर चालवणारा वेगळा कन्व्हर्टर, नवा शिफ्टर, आणि कोरडा बॉक्स भरायला १० ते ११ लिटर ऑइल. हे सगळं मिळून मी ४० टक्के वर धरतो. म्हणजे तीन महिन्यांचा खर्च नव्हे, ४.२ महिन्यांचा.

एक तपासणी तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. बेलहाउसिंग हाताने ढकलून इंजिनला सपाट टेकलं पाहिजे, आणि त्या वेळी कन्व्हर्टर मोकळा फिरून फ्लेक्सप्लेटपासून साधारण ३ ते ५ मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. फट उरली नाही आणि बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतला, तर कन्व्हर्टर पंपावर रेटला जातो आणि पंप फुटतो. मग चूक बसवणाऱ्याची की बॉक्सची यावर वाद, आणि गॅरंटी अधांतरी.

ब्रेक विसरू नका. ऑटोमॅटिक गिअरमध्ये असताना आयडलवरही पुढे सरकत राहतो. १९६५ च्या गाडीत एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असतो, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर गिअरबॉक्सच्या कामाआधी बसवून घ्या.

पैशांकडे येतो. निधीतून ४.२ महिने काढलेत तर ३.८ उरतात, आणि गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर ते याच निधीतून. नको. कर्जाचं गणित: १०० घेतले तर पाच वर्षांत सुमारे १३३ फेडायचे. म्हणजे ४.२ महिन्यांच्या खर्चाचे ५.६ महिने होतात. हौसेच्या गाडीसाठी तेही नको. तुम्ही दर महिन्याला पाव महिन्याचा खर्च बाजूला टाकू शकता असं लिहिलंय. १७ महिन्यांत रक्कम जमते.

तोवर गुडघ्याचं काय? बहुतेक जुना क्लचच जड असतो. क्लच दाबून धरणारं प्रेशर प्लेट तीन बोटांचं असेल तर डायफ्रामचं (हलक्या चकतीच्या स्प्रिंगचं) बसवा, झिजलेले झेड-बारचे बुश बदला. याला कोटेशनचा लहानसा हिस्सा पुरतो. पेडल इतकं हलकं झालं की गिअरबॉक्सची गरजच वाटेना, तर १७ महिन्यांचे पैसे तुमचेच.

काम कराल तेव्हा विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नोंदणीचे नियम पाहा, आणि गॅरेजला द्यायची २० टक्के रक्कम हातात ठेवा. २०० किलोमीटर झाल्यावर, ऑइल गरम असताना इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये डिपस्टिक पाहायची. गळती नाही, लॉक-अप (कन्व्हर्टरची घसर थांबवणारा आतला क्लच) लागतोय, ब्रेक दाबल्यावर सुटतोय, एवढं दिसलं की उरलेला चेक.