नातवासाठी स्निकरडूडल, तेही बिनअंड्याचे

प्रश्न : माझा नातू ८ वर्षांचा आहे, अमेरिकेत वाढलाय, जुलैत पहिल्यांदाच एकटा महिनाभर राहायला येतोय. त्याला तिकडच्या दालचिनी-साखरेच्या कुकीज, स्निकरडूडल म्हणतात त्या, फार आवडतात. मी ओटीजीत नानकटाई नेहमी करते म्हणून ह्या करून बघितल्या तर आधी पसरून पापडासारख्या झाल्या आणि गार झाल्यावर कडक. आमच्या घरात अंडं चालत नाही आणि त्यात घालतात ती आंबट पावडर, क्रीम ऑफ टार्टर, इथे दुकानात मिळाली नाही. काय करू?
– एक आजी, नाशिक

उत्तर : काकू, तुमचा हात नानकटाईवर बसलाय आणि सगळी गडबड तिथेच आहे बघा. नानकटाई आपण आतपर्यंत कोरडी, खुसखुशीत होईस्तोवर भाजतो, स्निकरडूडल मात्र मधे मऊच राहायला हवी. १८० डिग्रीवर ओटीजी आधी नीट तापवून घ्या आणि १० मिनिटांनी बघा, कडा धरल्या असतील आणि मधला भाग अजून कच्चट वाटत असेल तर लगेच ट्रे बाहेर काढा, फार तर १२ मिनिटं. जीव खालीवर होतो मान्य आहे पण काढाच, गरम ट्रेवर ५ मिनिटं राहिल्या की त्या स्वतःच्या स्वतः सेट होतात. गुलाबी रंगाची वाट बघाल तर कडक होणारच.

पसरतात ते बहुतेक बटरमुळे. वितळवलेलं बटर किंवा पातळ तूप नको, बोट दाबलं की खड्डा पडेल इतपत मऊ बटर हवं. १०० ग्रॅम बटर आणि १२५ ग्रॅम साखर हलकं होईस्तोवर फेटायचं, मग २ टेबलस्पून घट्ट दही आणि २ टीस्पून लिंबाचा रस, मग १७५ ग्रॅम मैदा पाव टीस्पून सोडा घालून चाळलेला. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. मळायचं अजिबात नाही, नुसतं गोळा करायचं आणि तासभर फ्रीजमधे. हा तास चुकवू नका हं.

क्रीम ऑफ टार्टरचं काम दोन प्रकारचं असतं, एक ती खास हलकी आंबट चव आणि दुसरं म्हणजे सोड्याला फुलायला लागणारी आंबटाई, ती इथे दही-लिंबू मिळून देतात आणि अंड्याचा ओलावाही दह्यातून येतो. (गंमत म्हणजे ही पावडर मुळात वाइन करताना पिंपात साचणाऱ्या क्षारापासून बनते, म्हणजे नाशिकच्या द्राक्षांना तिचं नातं नवीन नाही!)

आता दालचिनी, खरी जान तिच्यात आहे. कोकणातल्या बागांमधली पातळ, अनेक पदरी, हाताने चुरा होणारी दालचिनी गोडसर आणि सौम्य असते आणि मला स्वतःला तीच आवडते, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दालचिनी म्हणून कॅशिया विकतात, म्हणजे आपल्या किराणा दुकानातली जाड, टणक, तिखटसर साल. नातवाच्या जिभेला तीच चव ओळखीची असणार म्हणून ह्यावेळी जाडवालीच घ्या. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, रोज भरपूर खाणं बरं नाही पण अधूनमधून कुकीजपुरती चालते. तयार पावडरीचा वास उडालेला असतो, चमचाभर साखरेबरोबर घरीच मिक्सरमधून काढा आणि बारीक चाळणीने चाळा, नाहीतर दाताखाली काड्या येतात. २ टेबलस्पून साखरेला २ टीस्पून दालचिनी, त्यात छोट्या लिंबाएवढे गोळे घोळवायचे, चपटे करायचे नाहीत आणि ट्रेवर अंतर ठेवून लावायचे.

घोळवायचं काम नातवाला द्या, त्याला फार आवडेल. पीठ मात्र कच्चं खाऊ देऊ नका, अंडं नसलं तरी कच्चा मैदा पोटाला बाधू शकतो.

गोळे आधी करून फ्रीजरमधे ठेवलेत तरी चालतं, फक्त दालचिनी-साखर भाजायच्या वेळीच लावा आणि २ मिनिटं जास्त द्या. तो यायच्या आदल्या दिवशी एक घाणा काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ब्रेडचा एक तुकडा टाकून ठेवा, मऊ राहतात. तिकडून आलेली मुलं पहिले काही दिवस पहाटे तीनलाच टक्क जागी होऊन भूक लागली म्हणतात, तेव्हा दुधाबरोबर द्यायला तयार असलेल्या बऱ्या.