कोडलॅब नेटवर आहे, मग पुण्याला कशाला यायचं?

प्रश्न : ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात डेव्हफेस्ट (गूगलच्या डेव्हलपर गटांचा मेळावा) आहे आणि त्यात अँड्रॉइडची कोडलॅब (पायरीपायरीने कोड लिहून शिकायचा धडा) ठेवली आहे. पण तीच कोडलॅब नेटवर फुकट मिळते. मग गाडीभाडं घालून यावं का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. कॉटलिन ही अँड्रॉइडची भाषा बऱ्यापैकी येते, अ‍ॅपच्या स्क्रीन बांधायचं कंपोज नुकतंच हाती घेतलंय.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नक्की ये. एखादं भाषण चुकलं तर चुकू दे, लॅब मात्र सोडू नकोस.

कोडलॅब घरी होते हे खरंच आहे. गूगल आय/ओमध्ये लोक ज्या कोडलॅब करतात, त्या सांगलीतल्या मुलालाही तशाच मिळतात, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण घरी काय होतं? दिलेला कोड आपण कॉपी करतो, तो चालतो, पुढचं पान. लॅबमध्ये मदतनीस म्हणून फिरताना मला सारखं दिसतं की पोरं शिकतात ती अडल्यावर.

कंपोजच्या पहिल्या कोडलॅबचंच घे. यादीतल्या कार्डावर बटण असतं, दाबलं की कार्ड उघडायला हवं. बरेच जण आधी साधं व्हेरिएबल घेतात, किंमत फॉल्स, म्हणजे कार्ड मिटलेलं. बटण दाबल्यावर किंमत बदलते, स्क्रीन ढिम्म. त्या व्हेरिएबलवर नजर ठेवायची हे कंपोजला कुणी सांगितलेलंच नसतं! मग किंमत बदलली की कंपोजला कळवणारं म्युटेबल-स्टेट-ऑफ येतं. तरी कार्ड उघडत नाही, कारण कार्ड काढणारं फंक्शन पुन्हा चालतं आणि नवी स्टेट, म्हणजे ती किंमत, पुन्हा फॉल्सपासून सुरू होते. आधीची किंमत लक्षात ठेवणारं रिमेम्बर लावलं की जमतं, चेहरे खुलतात. तेवढ्यात मी म्हणते, आता फोन आडवा कर. उघडलेलं कार्ड मिटतं. फोन फिरवला की अँड्रॉइड सहसा स्क्रीनची अख्खी अ‍ॅक्टिव्हिटी पाडून नव्याने उभी करतं, म्हणून तिथे त्यानंतरही किंमत टिकवणारं रिमेम्बर-सेव्हेबल लागतं. हे चारही टप्पे कोडलॅबमध्ये लिहिलेले आहेत. पण ‘असं का झालं असेल?’ असं शेजारी उभं राहून कुणी विचारलं आणि तुला स्वतःला उत्तर शोधावं लागलं, की ते डोक्यात पक्कं बसतं. त्यासाठी गाडीभाडं खर्च कर.

तयारी मात्र घरून करून ये. अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप लिहायचं सॉफ्टवेअर) टाकून ठेव, सुरुवातीचा प्रोजेक्ट उतरवून घे, ग्रेडल सिंक (प्रोजेक्टला लागणाऱ्या फाइली जुळवणं) पूर्ण होऊ दे आणि अ‍ॅप एकदा रन करून बघ. पहिल्या सिंकला भरपूर डाउनलोड होतं. हॉलमध्ये सगळे एकाच वायफायवर असताना ते सुरू केलंस तर अर्धी लॅब निळी पट्टी बघण्यात जाईल. ८ जीबीवर एम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनच्या, नादी लागू नकोस, स्वतःचा फोन जोड. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू कर. केबल डेटाची आहे ना, हे आधी तपास. नुसत्या चार्जिंगच्या केबलपायी किती मुलं हिरमुसून बसतात!

तयार उत्तराची ब्रँच (कोडची वेगळी प्रत) उघडायचा मोह होईल, तो आवर. अडलास तर ‘चालत नाही’ एवढंच म्हणू नकोस. लॉगकॅटमधल्या (अ‍ॅपच्या नोंदी दिसतात ती खिडकी) लाल ओळींत ‘कॉज्ड बाय’, म्हणजे चुकीचं कारण, शोध आणि ती ओळ दाखव. मदत करणाऱ्याला लगेच धागा सापडतो. संकोच तर अजिबात नको, आम्ही उभे असतो ते त्याचसाठी.

तुझ्या प्रोजेक्टमधली एखादी अडलेली स्क्रीनही घेऊन ये. लॅब संपली की मदतनीस सहसा थोडा वेळ थांबतात, तेव्हा ती दाखव. लॅबच्या जागांची नोंदणी कधी कधी वेगळी असते, ती तिकिटाबरोबरच बघून घे. आणि एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर पिशवीत टाक, प्लग हमखास कमी पडतात.