ईआरपी (साठा, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सुरू केल्यावर जुनी एक्सेल शीट किती दिवस चालू ठेवावी? (४०-५० माणसांचा फॅब्रिकेशन कारखाना)

स्टोअरपुरतं उत्तर: एकही दिवस नाही. ठरलेल्या तारखेपासून ती फाईल फक्त वाचण्यापुरती ठेवा. दोन्ही चालू राहिलं की माणूस सवयीने एक्सेलमध्येच नोंद करतो, ईआरपीत संध्याकाळी आठवेल तेवढं भरतो आणि आठवड्यात साठा जुळेनासा होतो. हिशेब विभागाने मात्र महिनाभर दोन्हीकडे ताळा घ्यावा.

खरी मेहनत त्या तारखेच्या आधीची. 'एम८ बोल्ट', 'बोल्ट ८ एमएम' आणि 'हेक्स बोल्ट एम८' एकच असतील तर एकच कोड ठेवा, नाहीतर शेल्फवर माल असताना खरेदीवाला तो पुन्हा मागवेल. एककं त्याहून फसवी. पत्रा किलोवर येतो, मशीनवर नगावर जातो. २५०० × १२५० × २ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा साधारण ४९ किलो भरतो. हा आकडा जाडीनुसार भरला नसेल तर साठा उणे दिसायला लागतो, आणि मग सिस्टीमवर कुणाचाच विश्वास राहत नाही.

आदल्या दिवशी आवक-जावक बंद ठेवून प्रत्यक्ष मोजणी करा. १ एप्रिलचा मोह टाळा, तेव्हा अकाउंट्सवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षाच्या मध्यात सुरू करताना बिलांना नवा प्रीफिक्स (क्रमांकाआधीची अक्षरं) द्या: जीएसटीत बिल क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि १६ अक्षरांत बसला पाहिजे.

आणि प्रशिक्षण आधी स्टोअरकीपरला, मॅनेजरला नंतर.