संयुक्त खरेदीत नवे असाल, तर आधी ए-४००एमची फाइल वाचा

युरोपातल्या संयुक्त संरक्षण खरेदीच्या प्रशिक्षणाला निघाला आहात, तर नियमपुस्तिकेआधी ए-४००एम या मालवाहू विमानाचा इतिहास वाचा. २००३ साली सात देशांसाठी १८० विमानांचा करार झाला. पहिलं उड्डाण व्हायला डिसेंबर २००९ उजाडला, खर्च वाढला आणि २०१० मध्ये सरकारांना पुन्हा वाटाघाटीला बसावं लागलं. प्रत्येक देशाच्या मागण्या वेगळ्या, आणि काम आपल्याच कारखान्यांना मिळावं हा आग्रह मात्र सगळ्यांचा. इंजिनसुद्धा युरोपीयच हवं असं ठरलं, तेही नव्याने घडवायचं. मला हा निर्णय आजही महागडा वाटतो.

या आग्रहावर उतारा म्हणून ‘ओकार’ या बॉनमधल्या, युरोपीय देशांचे संयुक्त शस्त्रप्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या करारात कामाच्या वाटपाचा एकेका प्रकल्पापुरता हिशेब सोडून अनेक प्रकल्पांचा आणि वर्षांचा एकत्रित समतोल पाहायचं ठरलं. ते कलम मन लावून वाचा. युरोपीय संघाचा २००९ चा संरक्षण खरेदी निर्देश आणि संघाच्या कार्यपद्धतीच्या करारातलं ३४६ वं कलमही. सुरक्षेच्या नावाखाली स्पर्धा टाळायची वाट तिथूनच काढली जाते.

आणि भागीदार देशात पैसे कोण मंजूर करतं, हे पहिल्याच बैठकीत विचारा. जर्मनीत अडीच कोटी युरोंवरचा करार संसदेच्या अर्थसंकल्प समितीकडे जातो. तुमचं वेळापत्रक त्या तारखांभोवतीच आखा.